सिंधु टीचरचा दुसरा मजला

सोयरीक ठरली तेव्हा मृत्युंजयच्या घरच्यांनी नवं स्लॅबचं घर मोठ्या कौतुकानं दाखवलं. सिंधूनं मान वर करून छत बघितलं आणि होणाऱ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "अंगणात पत्र्याची खोली हाय का?"

नव्हती. मृत्युंजयनं लग्नाआधी ती बांधून घेतली. आज सिंधूची लेक कॉलेजात जायलीय, पण सिंधूचं अंथरूण अजून त्याच खोलीत. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापतो, तरी ती घरात झोपत नाही.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ती तिसरीत होती. दगडमातीचं घर, वर मातीच्या जड छताचं माळवद. ते सगळं झोपेतच अंगावर आलं. आई गेली, धाकटा भाऊ गेला. चुलत्यानं तिला ओढून काढलं तेव्हा तोंडात माती होती. ती थुंकून टाकली, पण तोंडातून शब्द काही निघेना. आत्यानं औशाकडच्या आपल्या गावी नेलं, अंगारेधुपारे केले. उपयोग झाला नाही.

त्याच गावात केरळच्या तीन ख्रिस्ती सिस्टर औषधं आणि चादरी घेऊन आल्या होत्या. आल्या त्या राहिल्याच. तंबूत मुलं गोळा करून शिकवू लागल्या. पुढं पक्क्या खोल्या बांधल्या, तर मुलं आत पाऊल ठेवीनात. उंबऱ्यापाशी रडारड. शेवटी सिस्टर फिलोंनी लोखंडी खांबांवर पत्रे टाकून लांबलचक शेड उभारलं आणि स्वतः स्टूल घेऊन दारात बसल्या. मोडक्यातोडक्या मराठीत रोज सांगायच्या, "मी दारात हाय. दार बंद नाय होणार." एकदा वाऱ्यानं दार आपटलं आणि सिंधु किंचाळली, "सिस्टर, दार!" कित्येक महिन्यांनंतरचा तो तिचा पहिला शब्द.

सिस्टरची शाळा वाढली. शेतकऱ्यांची, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांची, मशिदीमागच्या मोहल्ल्यातली पोरं तिथंच शिकली. दोनमजली इमारत झाली. सिंधु डीएड करून तिथंच टीचर झाली, आणि सिस्टर फिलो होत्या तोवर तिचा वर्ग शेडमध्येच भरला. कुणी कारण विचारलं नाही.

सिस्टर फिलो वारल्या. यंदा मे महिन्यात वावटळीनं शेडचे चार पत्रे उडवले. नव्या मुख्याध्यापिका सिस्टर रोझलिन म्हणाल्या, "शेड पाडावंच लागेल, सिंधु टीचर. एखाद्या मुलाच्या डोक्यावर पत्रा पडला तर? खालच्या खोल्या बालवाडीला दिल्यात. तुमची तिसरी दुसऱ्या मजल्यावर. इमारत मजबूत आहे, इंजिनिअरनी बघितलीय."

सिंधु "बरं" म्हणाली. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं छताला भिते म्हणून कसं सांगायचं?

जूनपासून तिच्या जिवाची घालमेल सुरू झाली. जिना चढताना हात भिंतीवरून निघत नसे. वर्गात तिनं टेबल दाराशी ओढून घेतलं. टेबलावर पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा गिलास ठेवला आणि शिकवता शिकवता नजर त्याच्यावर. खाली डंपर गेला की पाणी थरथरे आणि तिचा खडू हातात मोडे.

पहिल्या बाकावरच्या अलीझानं एकदा विचारलंच, "टीचर, तुम्ही पानी पीतच नाहीत. मग ठेवता कशाला?"

"तहान लागल तवा पिईन. तू पाढा म्हण."

श्रावणातल्या एका सकाळी मुलं साताचा पाढा म्हणत होती. आधी आवाज आला. जमिनीच्या पोटातून, घुमत. मुलांना तो ऐकूही आला नसेल. सिंधूनं मात्र तो ओळखला. गिलासातलं पाणी काठावरून सांडलं.

ती दाराबाहेर होती. कधी उठली, कशी गेली, तिला कळलं नाही. जिन्याचा कठडा हातात आला होता. खाली अंगण दिसत होतं, ऊन दिसत होतं. पाय पुढं ओढत होते.

मागून शिवम हसून ओरडला, "टीचर, बाक हालायलंय!"

तिनं वळून बघितलं. सगळी पोरं जागच्या जागी बसून तिच्याकडं बघत होती. त्यांना पळायचं माहीत नव्हतं. तिसरीतली पोरं.

"बाकाखाली!" तिचा आवाज चिरकला. "डोक्यावर दप्तर घ्या! बाकाखाली बसा!"

मुलं धडाधडा खाली गेली. अलीझा तेवढी उभीच राहिली, तोंड उघडं, रडूही फुटत नव्हतं. सिंधु आत शिरली. त्या छताखाली, थरथरत्या भिंतींच्या मध्ये. पोरीला खसकन ओढून टेबलाखाली घेतलं आणि तिच्यावर वाकून बसली. डोळे मिटले. तोंडात मातीची चव आली. माळवद आता येईल, आता येईल.

ते आलं नाही. आवाज विरून गेला. भिंतीवरचं घड्याळ तेवढं पडलं.

तिनं मुलांना रांगेनं खाली आणलं. मैदानात सिस्टर रोझलिन पांढऱ्याफटक पडून उभ्या होत्या. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच भूकंप अनुभवला होता. सिंधूनं पोरं मोजून दिली आणि कुंपणाशी जाऊन भडाभडा ओकली.

धक्का सौम्य होता, असं संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं. इमारतीला चीर गेली नाही. सिंधूच्या लेखी त्याला काही अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी तिला बोलावलं. "सिंधु टीचर, काल मला तुमची भीती समजली. खाली वर्ग देते तुम्हाला. स्टाफरूम वर नेऊ."

"हाव," सिंधु लगेच म्हणाली. नाही म्हणायचा तिच्यात दम नव्हता आणि लाजही उरली नव्हती. दाराशी जाऊन ती थांबली. "पर सिस्टर, पोरायला काय करावं हे कुणीच शिकवलेलं न्हाई. वरच्या वर्गायलाबी न्हाई."

"तुम्ही शिकवाल?"

सिंधूनं जिन्याकडं बघितलं. मग होकारार्थी मान हलवली.

आता शनिवारी सकाळी ती एकेका वर्गात जाते. शुक्रवारी जेवण जात नाही. मृत्युंजय म्हणतो, "सोड की. दुसरं कुणी करंल." तरी ती शनिवारी भिंतीला हात लावत जिना चढते, घाम पुसते आणि वरच्या पोरांना सांगते, "चला, दप्तर डोक्यावर. हसायचं न्हाई." पोरं हसतातच. ती दाराच्या अगदी जवळ उभी राहून, वर न बघता, शेवटचं पोर बाकाखाली जाईतो थांबते.