दानेश्वरीबाईंना माहीत असलेला शब्द

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत दानेश्वरीबाई बावीस वर्षं मराठी शिकवत होत्या. माहेर अक्कलकोटकडचं, घरची भाषा कन्नड. मराठीत कुणी चूक काढू नये म्हणून त्यांनी शब्दकोश झिजवले होते. शब्दावर अडलं की शिक्षक म्हणायचे, "बाईंना विचारा." त्यावर त्या जगत होत्या.

मग कॉम्प्युटर शिकवायला पूनम आली. वर्षभरात ऑनलाइन फॉर्मपासून शिक्षकांच्या मोबाईलपर्यंत सगळ्याला पूनम लागू लागली. हेडमास्तर एकदा म्हणाले, "पूनम मॅडम नसत्या तर शाळा अडली असती की." समोर बसलेल्या बाईंनी अर्धी भाकरी तशीच ठेवून डबा बंद केला.

पूनम वागायला चांगली होती, हेच बाईंना सोसत नव्हतं. येता-जाता त्या तिच्या फळ्यावरच्या वेलांट्या तपासायच्या. एखादी चुकलेली सापडली की दिवस बरा जायचा.

नव्या कॉम्प्युटर खोलीच्या उद्घाटनाला पूनम बोलणार होती. आदल्या दिवशी ती बाईंकडे आली.

"बाई, टेक्नॉलॉजीचं मूळ मिळालं. ग्रीकमध्ये टेक्ने म्हणजे हातची कला, आणि लोगिया म्हणजे त्याविषयीचं बोलणं. पण आपल्या तंत्रज्ञानातलं तंत्र कुठनं आलं?"

बाईंना ठाऊक होतं. तन् म्हणजे ताणणं. त्यावरून तंत्र, आणि संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ विणकराचा माग. पूनमचे वारलेले वडील, अप्पा, हातमागावर चादरी विणायचे, हेही ठाऊक होतं. हा अर्थ या मुलीच्या तोंडून आला तर लोक तिला डोक्यावर घेतील.

"नाही गं माहीत," त्या म्हणाल्या. "सरकारनं पाडलेला शब्द असेल."

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. पालकांत निम्मे मागावरचे कामगार. पूनम छान बोलली. शेवटी म्हणाली, "तंत्र शब्दाचं मूळ मात्र सापडलं नाही. आपल्या दानेश्वरीबाईंनाही ते माहीत नाही."

ती सरळ मनानं बोलली होती. पण मागून एक जण म्हणाला, "बाईस्नी बी म्हाईत न्हाय?" दोघेतिघे हसले. बाईंचे कान तापले आणि त्या उठल्याच.

"माहीत आहे. तंत्र म्हणजे माग. ज्याच्यावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणतात तो."

टाळ्यांनी हॉल दणाणला. पुढच्या रांगेत बसलेल्या पूनमच्या आईनं वळून आपल्या घरच्या तेलुगूत विचारलं, "मग्गम?"

कन्नडातही मागाला मग्गच म्हणतात, त्यामुळे बाईंना ते कळलं. "व्हय, मग्गम," बाई म्हणाल्या. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. स्टेजवरची पूनम टाळ्या वाजवत नव्हती.

कार्यक्रमानंतर ती जिन्यात भेटली. "काल आठवलं नव्हतं का, बाई?"

नव्हतं आठवलं, असं म्हणून सुटता आलं असतं. "आठवलं होतं," बाई म्हणाल्या. "तू सांगितलेलं मला बघवलं नसतं."

"मला सांगायचं होतं ते. अप्पांसाठी," एवढंच म्हणून पूनम खाली उतरली.

अजून ती अदबीनंच वागते, सणाला घरचं गोड आणून देते. शब्द अडला तर मात्र मोबाईलमध्ये बघते. कधी अर्थ चुकीचा निघतो. शेजारी बसलेल्या बाईंना खरा अर्थ माहीत असतो, पण सांगायला जीभ रेटत नाही. आणि मधल्या सुट्टीत मुलांनी पूनमभोवती गराडा घातला की त्या अजूनही तिच्या फळ्यावरच्या वेलांट्या तपासायला जातात.