बटणीचा आठवडा

माझा थोरला भाऊ परवा माझ्या हातचा मार खाता खाता वाचला. साठीला आलेला माणूस, डोक्यावर चार केस उरलेत. पण मी खरंच तो टेपरेकॉर्डर त्याच्या टाळक्यात घालणार होते. वहिनी मध्ये पडली म्हणून.

आईबाबांचं घर रिकामं करत होतो. माळ्यावर दादाच्या जुन्या शर्टात गुंडाळलेला आमचा टेपरेकॉर्डर निघाला. झाकण घट्ट बसलेलं. मी सुरीच्या टोकाने उचकटलं, तर आत कॅसेट! पिवळ्या जॅकेटवाल्या गायिकेची. लेबलवर लाल पेनने काढलेली दोन फुलं, एक माझं, एक बटणीचं.

हीच कॅसेट चोरीला गेली म्हणून एकतीस वर्षं मी जगाला सांगत आले. चोर कोण, तेही सांगत आले.

तेव्हा मी बावीस वर्षांची होते. शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायचे. शेजारच्या मशीनवर ती काज-बटण करायची, आणि स्वतःही बटणासारखी गोल, म्हणून बटणी. मला सगळे तडतडी म्हणायचे. का, ते सांगायला नको. कॅसेट दोघींनी मिळून घेतली. एक आठवडा तिचा, एक माझा, सोमवारी अदलाबदल. कुणी लबाडी करू नये म्हणून नियम असा, की कॅसेट जिच्याकडे तिच्याकडे डबी नाही. गाण्यांचे शब्द डबीतल्या कागदावर होते. मग काय, एकीने आठवडाभर ऐकायचं, दुसरीने वाचायचं, आणि मशीनच्या खडखडाटात दोघींनी मिळून गायचं. वरचा आवाज माझा, खालचा तिचा. सुपरवायझरला काय कळतंय, डोंबल!

एका शनिवारी ती म्हणाली, "अगं, या वेळी मला दोन आठवडे देशील? बहीण येणार आहे." मी म्हटलं, अजिबात नाही. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पिशवी उघडली तर कॅसेट गायब. आमच्या दोघींच्या पिशव्या एकाच खिळ्याला. माझं डोकं फिरलं. अख्ख्या कारखान्यासमोर मी ओरडले, "चोर आहे ही!"

सुपरवायझरने तिची पिशवी कटिंगच्या टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, आणि बायका चारचौघांत दाखवत नाहीत असं काहीतरी कापडात गुंडाळलेलं. कटिंगवाले पुरुष हसले. शेवटी डबी पडली. बदलायला आणली होती बिचारीने, नियमाप्रमाणे. "डबी हिच्याकडे, मग कॅसेट कुणाकडे असणार?" असं म्हणत सुपरवायझरने ती कचऱ्यात फेकली. नियम माहीत होता तो मला. एक वाक्य बोलायचं होतं. दातखीळ बसली माझी.

दुसऱ्या दिवसापासून बटणी कामावर आली नाही.

अगं बाई, जी वस्तू त्याच दिवशी तिच्या हातात पडणार होती, ती बटणी चोरेल कशाला? एवढी साधी गोष्ट एकतीस वर्षांत माझ्या टाळक्यात शिरली नाही. आणि हा आमचा दादा! मी रडत घरी सगळं सांगत होते, तेव्हा हा समोर बसून जेवत होता. दुसऱ्यांदा वाढून घेतलंन.

"रविवारी तुझ्या पिशवीतून काढून मित्राच्या पार्टीला नेली होती गं, टेपरेकॉर्डरसकट," परवा म्हणतो कसा. "टेप आत गुंतली. टेपरेकॉर्डर दुरुस्तीला दिलाय म्हणून घरी सांगितलं आणि माळ्यावर दडवला. बाबांनी सोलून काढलं असतं मला. एका कॅसेटचं काय एवढं?"

काय एवढं!

मेकॅनिकने टेप सोडवून दिली. त्याच्या दुकानातच लावली. तिसऱ्या गाण्यात जिथे चुरगळली होती तिथे बाईचा आवाज हेलपाटत होता, पण मला शब्दन् शब्द येत होता. गात राहिले मी, लाज सोडून. मग तो खालचा आवाज यायची जागा आली. तिथे कुणीच नव्हतं. मेकॅनिकला म्हटलं, बंद कर मेल्या.

पत्ता काढून बटणीकडे गेले. जिन्याखाली मशीन टाकून कपडे उसवून-शिवून देते. केस पांढरे झालेत. मी घडाघडा सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या.

"चोर म्हणालीस ती सगळ्यांसमोर," ती म्हणाली, "आणि चुकले म्हणतेस ते माझ्या जिन्याखाली येऊन होय?"

मी आता त्याच कारखान्यात हेड आहे. म्हटलं, "उद्या ये. जेवणाच्या सुट्टीत."

आली. मी टेबलापाशी उभी राहून पस्तीस बायांना सांगितलं. ही चोर नव्हती, मी खोटी होते, माझ्यामुळे हिचं काम गेलं. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांना काय माहीत? त्या दिवशी हसलेल्यांपैकी एकटा कटिंगमास्तर उरलाय, त्याने कात्री ठेवली आणि मान खाली घातली.

मला वाटलं, संपलं. बटणी पुढे आली आणि हात पसरला. "पिशवी दे तुझी."

दिली. तिने ती त्याच टेबलावर उपडी केली. चष्मा, बीपीच्या गोळ्या, अर्धवट खाल्लेला बिस्किटांचा पुडा, दादाच्या घराची किल्ली. आणि तिला द्यायला आणलेली कॅसेट.

"ही बघा," ती सगळ्यांना म्हणाली. "सापडली."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कॅसेट तिने स्वतःच्या पिशवीत टाकली आणि दाराकडे निघाली.

"बटणे," मी म्हटलं, "सोमवारी येशील?"

"हा आठवडा माझा होता," ती म्हणाली. "पुढचा कुणाचा, ते मी ठरवीन."