उंदराचं औषध

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. हे पान कधी लेकीच्या हाती पडलं तर तिने हसू नये.

काही वर्षांपूर्वी मी जर्मनीत रेगेन्सबर्गला तिच्याकडे राहायला गेले होते. तिथल्या प्रयोगशाळेत ती कॅन्सरवर नवी औषधं बनवायची. आधी कागदावर आखायची, मग काचेच्या भांड्यात तयार करायची. बहुतेक वाया जात. तिचा फेरट्राग, म्हणजे नोकरीचा करार, संपत आला होता. औषधाचा गुण दिसला तर तो वाढणार, नाहीतर बॅग भरायची. तिला पाठवताना माझ्या धाकट्या भावाने घरासाठी साठवलेले पैसे दिले होते. त्याने ते कधी काढून दाखवलं नाही. भावजय मात्र दर फोनला विचारायची, "वन्सं, तिकडं पगार बरा असेल ना?"

एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, सोमवारपासून उंदरांना औषध देणार."

मला वाटलं, इतक्या स्वच्छ जागेतही उंदीर झाले! आमच्याकडे उंदराचं औषध म्हणजे कणकेच्या गोळीत घालून कपाटामागे ठेवतात ते. रोज सकाळी पंचशील म्हणताना प्राणी न मारण्याचं पहिलं शील जिभेवर अडखळायला लागलं. पण विचारायचा माझा स्वभाव नाही.

लेक जेवेना. ताटाशेजारी फोन ठेवून बसायची. शेवटी तिला धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "मेले नाहीत का गं अजून? मरतील, काळजी करू नको."

तिचा घास हातातच राहिला. "आई! असं काय बोलतेस? ते मेले तर माझं सगळंच संपलं."

मग तिने समजावलं. त्या उंदरांना कॅन्सरची गाठ होती आणि औषध तिने बनवलेलं. "गाठ मरायला हवी, उंदीर जगायला हवा. मागच्या औषधाने दोन्ही गेले."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर केरसुणी घेऊन उंदरांमागे धावलेली मी, त्या दिवसापासून वंदना झाली की त्यांचंच भलं चिंतायला लागले. संध्याकाळी दारात किल्ली वाजली की मी तिच्या तोंडाकडे बघायची नाही, पायांकडे बघायची. बूट भिरकावले की समजायचं, आज काही विचारू नये.

एकदा ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली. "आई, जगलेत! वजनही उतरलं नाही. गाठ वाढायची थांबलीय."

"म्हणजे औषध सापडलं?"

"नाही गं. अजून कित्येक वर्षं जातील. कदाचित ते औषध होणारही नाही. पण माझा फेरट्राग वाढवतायत." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली.

तेव्हापासून ती पगारातून मामाला दर महिन्याला पैसे पाठवत राहिली. शेवटचा हप्ता गेला तेव्हा मी घरी परतले होते. भावजयीचा फोन आला. पुन्हा पगाराचंच विचारणार म्हणून मी भीतभीतच उचलला.

"वन्सं, पै न् पै पोचली बघा. आता सोमवारी घराचा पाया खणायला घेतोय, तुम्ही यायचं."