खांबावर कोण?

अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात विजेवर काडीइतकाही विश्वास नसलेला एकच माणूस आहे, आणि त्याने उभी हयात लाइनमनची नोकरी केली. हा माणूस म्हणजे आमचे साडभाऊ, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम केशोरी. इतर पाहुणे आले की पाणी मागतात, साडभाऊ विचारतात, "मेन कुठं हाये?" माहीत असूनही विचारतात. बल्ब बदलायचा, मेन बंद. भिंतीवरच्या घड्याळात नवा सेल टाकायचा, मेन बंद. एकदा आमची गॅसची शेगडी पेटेना, तेव्हाही त्यांनी आधी वरांड्यात जाऊन मेन बंद केला आणि मग म्हणाले, "हं, आता पाहू." शेगडी पेटली, ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. मेन बंद केला की खांद्यावरचा दुपट्टा काढून त्या स्विचला बांधायचा आणि ज्याने बांधला त्यानेच तो सोडायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकदा पंख्याला तेल देण्याच्या निमित्ताने बांधलेला दुपट्टा विसरून ते बसने गावी निघून गेले. आम्ही मे महिन्याच्या उन्हात वर्तमानपत्राने वारा घेत फोन केला. "हात नोको लावू, मास्तर, मी येऊन राहिलो," म्हणाले, आणि परतीच्या बसने खरंच आले. दुपट्टा सोडला, खटका वर केला आणि चहाही न घेता दारात थांबवलेल्या रिक्षाने स्टँडवर गेले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या प्रकरणात मूर्खपणाचा मुख्य भाग मी केलेला आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकवणारे एक साहेब बदली होऊन निघाले, तेव्हा त्यांची परदेशी कुकिंग रेंज मी घरी आणली. वर चार शेगड्या, खाली ओव्हन, आणि ओव्हनला असा गुण की एक बटण फिरवलं की तो आतून भट्टीसारखा तापतो, सगळा चिकटा जाळून टाकतो आणि स्वतःला स्वच्छ करून घेतो. तेवढा वेळ कोणी दार उघडू नये म्हणून दाराला आपोआप कुलूप लागतं. मी त्यात आजवर एकच केक केला. तो हिने गल्लीतल्या कुत्र्याला घातला, आणि कुत्र्याने माती उकरून तो पुरून ठेवला. त्यानंतर आमच्या घरात ओव्हनचा उपयोग एकच राहिला. घरात उंदीर फार, आणि उंदरांना शिरता न येणारं एकमेव कपाट म्हणजे ते.

हे ऐकून साडभाऊंनी हिवाळ्यात एक डबा आणून दिला. त्यात धानाचं बियाणं होतं. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं, शिजताना दारापर्यंत वास येणारं धान. साडभाऊंच्या मुलांनी बाकी सगळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, बाजारचं बी लावलं होतं. फक्त विहिरीजवळची एक बांधी म्हाताऱ्याच्या हट्टाला सोडली होती. त्या वर्षी किडीने तीही खाल्ली आणि हाती आलं ते एवढंच, एक डबा. घरी ठेवलं तर उंदीर खातील म्हणून आमच्याकडे. "हे गेलं तं गेलंच, मास्तर," एवढंच म्हणाले. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अहो, बँकेच्या लॉकरपेक्षा सुरक्षित आहे."

जूनमध्ये पऱ्हे टाकायची, म्हणजे रोपांसाठी बी पेरायची, वेळ झाली आणि साडभाऊ डबा न्यायला आले. मी सरळ दार उघडून डबा हातात द्यायचा की नाही? पण समोर लाइनमन बसलेला, माझ्यासारख्या विज्ञानाच्या मास्तराला असा प्रेक्षक कधी मिळणार? "भाऊ, आधी हे बघा," म्हणत मी ते साफसफाईचं बटण ऐटीत फिरवलं. आतून घर्र आवाज आला, टक् करून कुलूप बसलं, वर तांबडा दिवा लागला. मी हात पसरून उभा, जादूगारासारखा.

"अजी, आतमंदी धान हाये ना!" ही ओरडली.

माझे हात तसेच पसरलेले राहिले. एरवी गुडघे दुखतात म्हणणारे साडभाऊ मात्र तीन ढांगांत वरांड्यात. खट्! घर शांत. परत आले तेव्हा खांद्यावर दुपट्टा नव्हता.

जेमतेम अर्धं मिनिट गेलं असेल. पण अर्ध्या मिनिटात बी मेलं की जगलं, हे डबा बघितल्याशिवाय कळणार नाही, आणि दार उघडेना. मी ओढलं, हिने ओढलं, मी उलथनं घातलं, ते वाकलं. मग मी वर्गात सांगतो तशा सुरात सांगितलं की कुलूप छोट्या मोटरवर चालतं, करंट नसेल तर मोटर फिरणार नाही, सबब मेन चालू करावा.

"आन् आत आग लागली तं?" साडभाऊ म्हणाले. "तुह्या सायन्सनं बी भाजलं, आता शिजवतं का?"

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला, आवाज मोठा ठेवला. पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली, "सर, सबसे पहले मेन स्विच बंद कीजिए..."

साडभाऊंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला. "बेटी, तू समझदार है," म्हणाले आणि बंद करून टाकला. "पाह्य, कंपनीबी तेच म्हणते."

दुपार सरली. पंखा नाही, फ्रिजमधलं दूध नासलं, मी घामाने निथळत ओव्हनच्या काचेला डोळे लावून बसलो. आत अंधार. साडभाऊ शेजारी मांडी घालून, दाराला हात लावून बसलेले, तापलेल्या पोराच्या अंगाला लावतात तसा. चारच्या सुमारास हिने माळ्यावरून रेंजचं पुस्तक काढलं. मी ते कधी उघडलं नव्हतं, कारण मला सगळं येतं. हिने मोठ्याने वाचलं: मधेच करंट गेला तर आधी बटण बंदवर आणा, मग करंट सुरू करा, ओव्हन तापणार नाही, गार असेल तर कुलूप आपोआप सुटेल.

साडभाऊंनी बटणाकडे पाहिलं. ते सकाळपासून साफसफाईवरच होतं.

"काऊन गा मास्तर," ते हळूच म्हणाले, "लोड चालू ठेवून सप्लाय सोडाले सांगून राहिला होता काय?"

रागावले असते तर बरं वाटलं असतं. मी मान खाली घालून बटण बंदवर आणलं. त्यांनी मला रेंजपाशी उभं केलं, स्वतः वरांड्यात गेले आणि तिथून खणखणीत आवाजात ओरडले, "खांबावर कोन?"

मी हसलो. हिने माझा दंड धरला. "हसू नोका. त्यायच्या लाइनवरच्या जोडीदाराले विचारल्याशिवाय कोन्हीतरी खालून सप्लाय सोडला होता. तो खांबावर होता."

लग्नाला इतकी वर्षं झाली, दर वेळी मी त्या दुपट्ट्याची नक्कल करून पाहुण्यांना हसवत आलो, आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

"खांबावर कोन?" पुन्हा आवाज आला.

"कोणी नाही, भाऊ!" मी ओरडलो.

खट्. पंखा फिरला. घर्र, टक्. दार सैल पडलं. साडभाऊ आले, डबा काढला, गालाला लावला. कोमट होता, पण त्या दिवशी घरातलं सगळंच कोमट होतं. चिमूटभर दाणे तळहातावर घेऊन बघत राहिले. वरून काय कळणार? जाताना त्यांनी मेनवरून सोडून आणलेला दुपट्टा त्या साफसफाईच्या बटणाला गुंडाळला आणि घट्ट गाठ मारली. "आता हात लाव," म्हणाले आणि उघड्या खांद्याने स्टँडवर गेले.

ओल्या फडक्यात दाणे बांधून ठेवले की बी जिवंत आहे की नाही ते चार दिवसांत कळतं. ते चार दिवस मी शाळेत कोणावरही रागावलो नाही. पाचव्या सकाळी फोन आला. "मास्तर, पऱ्हे टाकून राहिलो," म्हणाले आणि ठेवून दिला.

त्या दिवाळीनंतर तांदूळ आला. ही त्याचा भात लावते तेव्हा मी दोन वेळा वाढून घेतो. यंदाचा बियाण्याचा डबा मात्र त्यांचा मुलगा देऊन गेला. साडभाऊंच्या गुडघ्यांना आता बसची पायरी चढवत नाही. डबा ओव्हनमध्ये आहे. दुपट्टा बटणाला तसाच आहे, फोडणीच्या तेलाने कळकट झालेला. ही मधूनमधून म्हणते, सोडून द्या, धुऊन टाकते. मी म्हणतो, ज्याने बांधला त्यानेच सोडायचा. मग ती ओला कपडा घेऊन सगळी रेंज पुसते, आणि गाठीपाशी आली की हात वळवून घेते.