अर्ध्या सैनिकांचा पोळा

मुंबईच्या एका ठोक व्यापाऱ्याने मला फसवले. परदेशात जुने झालेले साचे आपल्याकडे आले आणि हातपाय हलवणारे प्लॅस्टिकचे सैनिक निघू लागले, तेव्हा पोरं त्यांच्यासाठी वेडी झाली होती. माझे सगळे भांडवल घेऊन त्याने मला त्या सैनिकांची पेटी दिली. माझ्या गावाहून, जळगावहून, ती मी न उघडताच पोळ्याच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या बाजारात आणली. उघडली तर धड आणि पाय जोडणारे कमरेतले रबर कुजलेले. जो सैनिक उचलावा, त्याचे दोन तुकडे.

शेजारी एक बाई काळ्या मातीचे बैल करून विकत होती. मी व्यापाऱ्याला शिव्या घालत होतो, ती अंगठ्याने वशिंड दाबत ऐकत होती. मग म्हणाली, "भाऊ, बैलवर बसाले पाय कसाले लागतस?"

तिने एक धड उचलून बैलाच्या पाठीच्या ओल्या मातीत रोवले आणि सैनिकाच्या हाती दोऱ्याचा कासरा दिला. तो ऐटीत बसला.

"अर्धं तुमनं, अर्धं मन्हं," ती मान वर न करता म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा मी घासाघीस केली नाही.

पोळ्याच्या दुपारी पेटी रिकामी झाली. धडधाकट सैनिक विकणारे समोरचे दुकानदार आमच्याकडची गर्दी बघत बसले. तिचे नाव मात्र विचारायचे राहिले.

एक बैलस्वार मी ठेवून घेतला होता. तो मुंबईला नेऊन व्यापाऱ्याच्या गादीवर ठेवला.

"वा, नवीन माल? कुठला?"

"तुमचाच आहे, शेठ. याचे पाय कुठे गेले, ते आता तुम्ही सांगा."