सहा हातांवरची मी

आमचे वडील परतूरच्या कापूस बाजारात मापाडी होते. तराजूची दांडी मधोमध टांगलेली असली पाहिजे, हा त्यांचा धर्मच. दांडी बोटभर सरकली की शेतकऱ्याच्या पोटावर पाय पडतो, असं ते म्हणत. व्यापारी डोळे वटारत, पण ते कुणाच्या बापाला भ्याले नाहीत.

अशा माणसासमोर मी जेवताना फुशारकी मारली. निजामाच्या राज्यातली आमची शाळा एवढीशी, पुस्तकं त्याहून कमी. म्हणून मास्तरांनी अंगणात मांडीइतक्या उंच दगडावर लांबलचक लाकूड आडवं टाकलं होतं, एक बाजू आखूड आणि एक लांब. दोन बाजूंना दोघांनी बसायचं, वरखाली व्हायचं आणि असं का होतं ते आपणच शोधायचं. मी घरी सांगितलं की आज अडत्याच्या जाड्या पोराला मी एकटीनं उचललं, कारण तो दगडाजवळ बसला होता आणि मी लांब.

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. शाळेत पोरीला मापात खोट करायला शिकवतात, असंच त्यांनी धरलं. उद्या येऊन शाळेतून तुझं नाव काढतो म्हणाले. मी हट्टी, रडले नाही.

सकाळी ते खरंच आले. मास्तर घरी उर्दू बोलणारे, फार अदबीचे. त्यांनी बसायला सतरंजी टाकली. वडील बसले नाहीत. मापाड्याच्या सवयीनं त्यांनी आधी रिकामं लाकूड तपासलं. आखूड बाजूला मास्तरांनी धोंडा बांधून पासंग काढला होता, त्यामुळे रिकामं लाकूड अगदी समतोल राहत होतं. खोट सापडेना, म्हणून ते जास्तच चिडले. मग मीच पुढं झाले.

"आबा, तुमी बसा. मी उचलते."

पोरं खदखदा हसली. वडील दीड मणाचे आणि मी अर्ध्या मणाची. कापसाच्या काट्यावर त्यांनीच मला एकदा कौतुकानं जोखलं होतं. ते दगडापासून दोन हातांवर पाय रोवून बसले, हाताची घडी घालून. मी परकर खोचून दुसऱ्या बाजूला चढले आणि मागं सरकू लागले. चार हातांवर गेले तरी वडील ढिम्म. सहा हातांवर लाकूड तरंगलं. त्यांनी घडी सोडून लाकूड धरलं. मी अजून मागं सरकले, पार टोकापर्यंत, आणि माझा बाप जमिनीवरून वीतभर उठला.

सगळी शाळा ओरडली. मला तर आभाळ ठेंगणं झालं. आजवर कशाचा एवढा आनंद झाला असेल असं आठवत नाही. मग मात्र वाटलं, आता आपली धडगत नाही, आणि मी पुढं सरकायला लागले.

"हलू नको," ते म्हणाले. ओठांतल्या ओठांत त्यांचा हिशेब चालला होता. "वजन तिसरा हिस्सा, तर अंतर तिप्पट. बराबर हाय. ह्यात बिलकुल खोट न्हाई."

त्यांचे पाय वर लोंबकळत होते आणि खाली यायची त्यांना काही घाई दिसेना. मास्तरांनी हळूच विचारलं, नाव आजच काढायचं का.

"कशाला?" वडील वरूनच म्हणाले. "मी चाललो बाजारात. शाळा सुटल्यावर येईल की ती घरी."