वालूरचे चार खेळ आणि एक बोळवण

तंबूत त्या संध्याकाळी माणसांपेक्षा बांबू जास्त होते. विजेचं इंजिन सुरू होतं, मशीनवर रीळ चढलेलं होतं, दारातला ग्रामोफोन ओरडून ओरडून दमला होता. आत सेलूहून मालासाठी आलेले दोन व्यापारी, गावचा पोस्टमन आणि कोपऱ्यात एक कुत्रं. बाहेर वालूर गाव जागं होतं. ओसरीओसरीवर दिवे दिसत होते, बोलणी ऐकू येत होती. फक्त आमच्याकडे कुणी फिरकत नव्हतं.

मगनशेठ तिकिटाच्या टेबलाशी सुपारी कातरत उभे होते. तंबू, इंजिन, मशीन सगळं त्यांचं. परभणीत त्यांचा सरकीचा धंदा होता. सिनेमा हा शौक. शौक अंगाशी यायला लागला की शौकीन माणूस एकदम हिशेबी होतो.

"मॅनेजर," ते म्हणाले, "काल तंबू फाटायला आलता. आज तुमचा सिनेमा लागला आन् हे बघा."

'तुमचा सिनेमा' या दोन शब्दांत आमचं सहा महिन्यांचं भांडण आलं. ते आधी सांगितलं पाहिजे.

पोलीस ॲक्शनच्या आधीची ही गोष्ट, निजामाच्या अमदानीतली. मोठ्या शहरांत पक्की थिएटरं होती, पण खेड्यात सिनेमा यायचा तो बैलगाडीतून. आमचा फिरता सिनेमा होता. बाजाराचं गाव बघायचं, पोलिसांच्या अमीनसाहेबांची परवानगी काढायची, तंबू ठोकायचा, काही दिवस खेळ करायचे आणि पुढचं गाव धरायचं. सिनेमाच्या प्रिंटला आमच्या धंद्यात 'पेटी' म्हणतात, कारण सगळी रिळं पत्र्याच्या पेटीतून येतात. पेटी रेल्वेनं सेलू स्टेशनात उतरायची आणि तिथून गाडीनं वालूरला. मशीन एकच असल्यामुळे दर रिळाला खेळ थांबायचा. मशीन चालवणारे ऑपरेटर हनीफभाई दुसरं रीळ चढवेपर्यंत लोक पान खाऊन, लेकरू बाहेर नेऊन, एखादं जुनं भांडण उकरून परत जागेवर यायचे.

पेट्या निवडायचं काम माझं. त्याआधी मी परभणीत मास्तर होतो. मास्तरकी सोडून तंबूत शिरलो तेव्हापासून माझे सासरे लोकांना "जावई परभणीला असतात" एवढंच सांगत. काय करतात, हे कुणी विचारलं तर त्यांना खोकला यायचा.

सिनेमे निवडायची माझी एक रीत होती. सिनेमा भाड्यानं देणाऱ्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. हैदराबादला त्याच्याकडे गेलो की तो आपल्या सगळ्याच पेट्या एक नंबर असल्याचं शपथेवर सांगायचा. मी त्याचं ऐकून घ्यायचो आणि तोच सिनेमा चालू असलेल्या थिएटरात जाऊन बसायचो. पहिल्यांदा सिनेमा बघायचा. दुसऱ्यांदा सिनेमाकडे पाठ करून पब्लिक बघायचं. कुठं माणूस बिडी विसरतो, कुठं बाई पदर तोंडाला लावते, कुठं मागचे उठून उभे राहतात. ज्या पेटीत पब्लिक तीनदा तरी स्वतःला विसरतं, ती घ्यायची.

शेठला हे सगळं वायफळ वाटे. त्यांचं म्हणणं एकच: देव लावा, तंबू भरतो. मी म्हणायचो, ताटात रोज पुरणपोळी वाढली तर तिसऱ्या दिवशी माणूस ठेचा मागतो. झरी गावच्या मुक्कामात शेठनं स्वतःच्या मनानं लागोपाठ तीन पौराणिक पेट्या लावल्या. पहिल्या दिवशी लोक मावले नाहीत. दुसऱ्या दिवशी तंबू ओस, तिसऱ्या दिवशी त्याहून ओस. शेठ म्हणाले, गाव कंजूष आहे. मी म्हणालो, गावाला देवांचा कंटाळा आलाय. आम्ही दोघंही साफ चुकलो होतो, पण ते तेव्हा कळायचं नव्हतं.

शेवटी शेठ म्हणाले, "बरं. वालूर तुमचं. तुमच्या मनानं चार पेट्या आणा. चालल्या तर पुढं तुमचंच राज्य. न्हाई चालल्या तर मी मशीन इकतो. नांदेडचं गिऱ्हाईक तयारच हाय." मशीन विकलं म्हणजे मी आणि हनीफभाई रस्त्यावर. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

माणसानं आयुष्यात निदान एकेकदा तरी पाहावेत असे चार जातींचे चार सिनेमे मी आणले. एक पौराणिक. एक स्टंट, म्हणजे घोडे, तलवारी, गढीवरून उड्या. एक विनोदी, एकाच मुहूर्तावर एकाच घोड्यासाठी भांडणाऱ्या दोन नवरदेवांचा. आणि एक सामाजिक: दोन जावा एकाच घरात मध्ये भिंत घालतात आणि सासऱ्याला कुणीकडं ठेवायचं ते ठरत नाही. ऐतिहासिक घेतला नाही. त्याला परवानगी मिळेल याचा नेम नसे आणि तंबू ठोकून बसल्यावर नेम नसलेली गोष्ट परवडत नाही.

पहिल्या दिवशी पौराणिक लावला. तंबूबाहेर वहाणांचा ढीग लागला. पडद्यावर देव प्रकट झाले तशा बाया उठल्या. त्यांनी पडद्याच्या बांबूला हळद-कुंकू लावलं, खाली खण-नारळ ठेवून ओटी भरली. रानात मेंढरं बसवलेले धनगर घोंगड्यांवर हात जोडून बसले होते. एका म्हातारीनं दुधाची वाटी पडद्यापुढं ठेवली. असं सगळीकडेच व्हायचं. आम्हाला ते सवयीचं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. खेळ संपला, आम्ही जागा झाडली आणि झोपलो.

आणि दुसऱ्या दिवशी स्टंटच्या खेळाला ते दोन व्यापारी, पोस्टमन आणि कुत्रं.

हनीफभाई मशीनपाशी घाम पुसत म्हणाले, "मॅनेजरसाब, मशीन में कुछ खराबी नै, पिक्चर भी एक नंबर है. फिर लोगां कायको नै आरे?" गावाला देवांचा कंटाळा आला असेल तर घोड्यांना तोबा गर्दी व्हायला पाहिजे होती. शेठनं तिथंच नांदेडच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी मशीन बघायला या म्हणून निरोप धाडला.

सकाळी मी पाटलांच्या घरी गेलो. चावडीवर पाटील बसत, पण गावाचं ठरायचं ते त्यांच्या मागच्या अंगणात. तिथं गोदाक्का होत्या, पाटलांच्या थोरल्या वहिनी. सुपात तूर पाखडत होत्या. मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. मी विचारलं, "आक्का, काल खेळाला गाव आलं न्हाई. आमचं काही चुकलं का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "परवा तुमी देव बसवला. बायांनी वटी भरली. आन् काल त्याच कापडावर घोडे नाचवायलेत, मारामाऱ्या करायलेत. आमी तिथं वहाणा घालून कसं यावं? देवाकडं पाय पसरून कसं बसावं?"

मास्तरकी अंगातून जात नाही. मी समजावायला लागलो. म्हणालो, आक्का, तो उजेड असतो. मशीनमधून येतो, कापडावर पडतो. मशीन बंद केलं की देव गेला.

"गेला? धाडला कुणी?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"घट बसले की उठवायला लागतात. म्हालक्ष्म्या बसल्या की उठवायला लागतात. तुमी बसवता आन् तसंच सोडून झोपता. लय मोठा दोष हाय बघा. आमी न्हाई त्यात पडत."

मी तिथंच पोत्यावर हसायला लागलो. आक्कांना वाटलं, माणूस बिघडला. पण माझ्या डोळ्यांपुढं झरी आली होती. पहिल्या दिवशी एक देव बसवला, तो न उठवता दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर दुसरा, तिसऱ्या दिवशी तिसरा. कोण येणार? झरी कंजूष नव्हती आणि कंटाळलेलीही नव्हती. झरी घाबरली होती.

मी म्हणालो, "आक्का, मग आज उठवू की. गुरव तुमचा, दहीभात तुमच्या घरचा, कापड माझं."

त्यांनी सूप उचलून भिंतीला टेकवलं. मग पदराआड हसल्या. "लय बेरकी हाव मास्तर तुमी," म्हणाल्या आणि सुनेला दही विरजलेलं आहे का ते विचारायला आत गेल्या.

शेठला हे सांगितलं तर ते चिडले. देव उठवल्याचं गावोगाव झालं तर पुढं देवाच्या पेटीला कोण येणार, अशी त्यांना भीती. शिवाय संध्याकाळी गिऱ्हाईक यायचं होतं आणि त्याच्यासमोर त्यांना रिकामा तंबू आणि पूजेचा तमाशा असं दोन्ही नको होतं. मी म्हणालो, आज एक दिवस मॅनेजर मी आहे. ते सुपारी कातरत राहिले. मी तो होकार समजलो.

दिवस मावळायला अख्खं गाव तंबूशी लोटलं. दवंडी मीच फिरवली होती: आज देवाची बोळवण, नंतर घोड्यांचा खेळ. तंबूच्या कनाती वर उचलल्या. हनीफभाईंनी मशीनचा कोरा पांढरा उजेड पडद्यावर सोडला. गुरवानं हळद-कुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला, मंत्र म्हणत पडद्यावर अक्षता टाकल्या. आणि तिथं तो अडला. उत्तरपूजेत अक्षता टाकल्या की मूर्ती जागची हलवायची असते, तेव्हा देव उठतो. पडद्याची मूर्ती कुठली? गुरव माझ्याकडं बघतोय, गाव गुरवाकडं बघतंय.

मी बांबूकडं गेलो आणि पडद्याचा दोर सैल सोडला.

कापड हातभर खाली सरकलं. हनीफभाईंना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी त्याच क्षणी उजेड बंद केला. अंधार झाला. अंधारात गोदाक्कांचा आवाज आला, "जा बाबा सुखानं, आन् परत ये." मागून सगळ्या बायांनी तेच म्हटलं. देव उजेडाचाच होता हे मला अजून पक्कं माहीत होतं, तरी गेल्यासारखं वाटलं.

मग बायांनी ओल्या फडक्यानं बांबूचं कुंकू पुसलं. दहीभात वाटला गेला. हनीफभाईंनी तो दोन्ही हातांची ओंजळ करून घेतला. मी दोर ओढून पडदा परत ताणून बांधला. गाव मात्र अजून कनातीबाहेरच घुटमळत होतं. पहिलं पाऊल कुणी टाकायचं?

गोदाक्का वाकल्या, बाहेर काढलेल्या वहाणा पायात घातल्या, टेबलावर तिकिटाचे पैसे ठेवले आणि कर्रकर्र आवाज करत थेट पडद्यापर्यंत चालत गेल्या. पुढच्या जाजमावर बसल्या आणि पाय लांब केले. पडद्याकडं.

त्यानंतर जे झालं त्याला रेटारेटी म्हणतात. तिकिटं संपली, तेव्हा शेठ हातावर शिक्के मारायला लागले. कनाती खाली सोडताच आल्या नाहीत. धनगर घोंगड्यांसकट आले, शेतकरी बैलगाड्या आणून तंबूमागं उभ्या करून त्यांवर चढले. घोडा गढीवरून उडी मारतो तिथं नेमकं रीळ संपायचं. त्या दिवशी हनीफभाईंनी रीळ बदलेपर्यंत एक माणूस पानाला उठला नाही. नांदेडचं गिऱ्हाईक आलं तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. तो माणूस इंजिनाच्या आडोशाला उकिडवा बसून खेळ बघत होता. मध्येच शेठला म्हणाला, भाव वाढवून देतो. शेठ म्हणाले, "मशीन इकायचं न्हाई. बाजूला सरका, मागच्याला दिसत न्हाई."

विनोदी खेळाला लोक इतके हसले की आवाज ऐकून शेजारच्या वाडीचे लोक दुसऱ्या दिवशी आले आणि खेळ पुन्हा करावा लागला. सामाजिकाची पेटी तर परत पाठवायची होती. शेठनं स्वतः सेलूला गाडी पिटाळून डिस्ट्रिब्यूटरला तार केली की पेटी इतक्यात परत येणार नाही. तिथून आम्ही सोनपेठला गेलो, तर वालूरची बातमी आमच्याआधी पोहोचलेली. सासऱ्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा पाहुण्यांना सांगितलं की आमचे जावई सिनेमात मॅनेजर आहेत. खोकला न येता. मी फार खूश झालो. इतका की बायकोला तेच तीनदा सांगितलं.

माझ्या हिशेबात एक चूक राहिलीच. स्टंट धनगरांसाठी आणि जावांचा सिनेमा बायांसाठी, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात भिंतीच्या सिनेमात ढसाढसा रडले ते धनगर. आणि मुक्काम हलवताना गोदाक्कांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घोड्यावाला परत कधी आणताव?"

पुढं आमच्या दवंडीत हे कायमचंच झालं. पहिल्या दिवशी देव, दुसऱ्या दिवशी बोळवण, मग बाकीचे खेळ. बोळवणीला होणारी गर्दी बघून शेठ म्हणाले, तिलाही तिकीट लावू. मी नको म्हणालो. पेट्या निवडायचं राज्य आता माझं होतं, त्यामुळे त्यांना ऐकावं लागलं.

मी धंद्यातून निवृत्त झाल्यापासून लोक मला विचारतात, माणसानं कोणते सिनेमे बघितलेच पाहिजेत? मी सांगतो, चारही जातींचे बघा. कुणाला कुठला आवडेल हे आधी सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका. तो बहुतेक डिस्ट्रिब्यूटर असतो.